ढोकळ्याच्या पिठाची पिशवी का फुगली? घरगुती तयार पिठे आणि मसाले टिकवण्याविषयी

तुम्ही लिहिले आहे की तुमची मुलगी ऑक्टोबरमध्ये शिक्षणासाठी जर्मनीला जाणार आहे आणि तिच्यासोबत घरी केलेली तयार पिठे व मसाले द्यावेत, अशी तुमची इच्छा आहे. त्याची रंगीत तालीम म्हणून तुम्ही जूनमध्ये बेसन, बारीक रवा, पिठीसाखर, मीठ, चिमूटभर हळद, सायट्रिक ॲसिड आणि खायचा सोडा एकत्र करून ढोकळ्याचे पीठ झिपच्या पिशवीत भरून ठेवलेत. पाच आठवड्यांनी पाहिले, तर पिशवी फुगलेली होती, पिठात गाठी झाल्या होत्या आणि केलेला ढोकळा चपटा होऊन त्यावर लालसर ठिपके पडले. जूनच्या त्याच आठवड्यात केलेल्या गोड्या मसाल्यालाही खवट वास येऊ लागला. प्रमाण कुठे चुकले, अशी पिठे किती महिने टिकतात आणि केकच्या पिठात तूप आधीच चोळून ठेवले तर चालते का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

प्रमाण चुकलेले नाही, हे आधी सांगते. तुम्ही दिलेले माप जवळजवळ तेच आहे, जे मी स्वतः वापरते. पिठाची अडचण ओलीची आहे आणि मसाल्याची अडचण तेलाची आहे. गेली एकोणीस वर्षे मी चिपळूणला भाजणी, मेतकूट, मसाले आणि तयार पिठे घरी करून देते. या कामात मिसळायला पाच मिनिटे लागतात; उरलेला सगळा वेळ वाळवण्यात, गार करण्यात आणि हवाबंद करण्यात जातो, आणि घाईच्या दिवशी आपण नेमका तोच वेळ वाचवायला बघतो.

दुकानातून आणलेले बेसन किंवा मैदा हाताला कोरडा लागतो, पण त्यात साधारण १० ते १४ टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो पिठात जवळजवळ पाऊण वाटी पाणी आधीच आहे. ते पिठाच्या कणांनी धरून ठेवलेले असल्यामुळे आपल्याला जाणवत नाही. परंतु शेजारी मीठ, साखर आणि सायट्रिक ॲसिड यांसारखे ओल ओढून घेणारे पदार्थ आले की त्यातले थोडे थोडे पाणी त्यांच्याकडे सरकते. सोडा आणि आम्ल कोरडे असतील तर शेजारी शेजारी स्वस्थ राहतात, पण त्यांच्यामध्ये पाण्याचा अंश आला की वायू सुटू लागतो. त्यात पावसाळ्याची हवा आणि पातळ प्लॅस्टिकची पिशवी, जिच्यातून बाष्प हळूहळू आत येतच राहते. ५ ग्रॅम सोडा आम्लाशी मिळून पूर्ण वापरला गेला, तर त्यातून सुमारे दीड लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. ढोकळ्यात जायचा तो वायू तुमच्या पिशवीत गेला, म्हणून पिशवी फुगली आणि ढोकळा बसला. लालसर ठिपक्यांचे कारणही तिथेच आहे. हळद क्षाराच्या संपर्कात आली की लाल होते. पिठाच्या गाठींमध्ये अडकून राहिलेला, आम्लाशी न मिळालेला सोडा जिथे जिथे होता तिथे तिथे हळदीने तो दाखवून दिला.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. काम सुरू केले त्या पहिल्याच वर्षी गणपतीच्या आधी मी ढोकळ्याच्या पिठाची चाळीस पाकिटे करून ठेवली होती, अगदी तुमच्यासारखीच, सगळे एकत्र करून. बाहेर आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. नवव्या दिवशी सकाळी कपाट उघडले तेव्हा वरच्या फळीवरची पाकिटे फुगून एकमेकांना ढकलत होती आणि त्यांतले एक उघडल्यावर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. जी पाकिटे आधीच दिली होती त्यांचे पैसे मी परत केले. त्या दिवसापासून आजपर्यंत सोडा किंवा फ्रूट सॉल्ट मी आंबट घातलेल्या पिठात कधीही मिसळलेले नाही. ते वेगळ्या पुडीतच जाते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही स्पष्ट सांगायला हवे, कारण टिकण्याचे महिने मला ठामपणे सांगता येत नाहीत. माझी एक जाऊ सोलापूरला राहते. एकाच घाण्यातले मेतकूट मी एकदा दोन सारख्या बरण्यांत भरून एक तिला दिले आणि एक इथे ठेवले. माझ्या बरणीतले मेतकूट दीड महिन्यात सादळून चमच्याला चिकटू लागले, तर तिच्याकडचे चौथ्या महिन्यातही भुरभुरीत होते. पीठ तेच, हात तेच, फरक फक्त हवेचा आणि बरणी दिवसातून किती वेळा उघडली जाते याचा. तुमच्या मुलीच्या बाबतीत तिकडची थंड हवा फायद्याची ठरेल; हिवाळ्यात खोल्या गरम केलेल्या असल्यामुळे आतली हवा बरीच कोरडी असते. पण पीठ तुम्ही पावसाळ्याच्या शेवटी इथे भरणार आहात, त्यामुळे आत कोंडली जाणारी हवा इथली असेल. म्हणून सगळी मेहनत भरण्याआधीच्या दोन तासांत आहे.

ढोकळ्याचे माप मी वजनावर देते. वाटीत बेसन दाबून भरले की सैल, यावर वजनात बराच फरक पडतो आणि सोड्याचे गणित तिथेच बिघडते, म्हणून ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. २०० ग्रॅम बेसन, २५ ग्रॅम बारीक रवा, २० ग्रॅम पिठीसाखर, ५ ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, एवढे एका पाकिटात. सोबतच्या पुडीत ५ ग्रॅम खायचा सोडा. या मापाने आम्ल सोड्यापेक्षा किंचित जास्त राहते, आणि तसे ते राहायलाच हवे, कारण ढोकळ्याला आंबटपणा लागतो आणि सोडा उरला तर साबणासारखी चव येते. हळद पिठात घालू नका. करताना फोडणीत घातली तरी रंग येतो.

बेसन आणि रवा वेगवेगळे घ्यायचे. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर ते सात-आठ मिनिटे हलवत राहायचे. रंग बदलू द्यायचा नाही, कारण भाजलेल्या बेसनाचा ढोकळा लाडवासारखा लागतो. सुरुवातीला उलथन्याला पीठ जड लागते आणि कढईवर हात धरला तर तळव्याला दमटपणा जाणवतो. काही वेळाने पीठ हलके होऊन वाळूसारखे सरकू लागते आणि तळवा कोरडा राहतो. तिथे थांबायचे. मग परातीत पातळ पसरून पूर्ण गार करायचे, पण गार झाले की लगेच भरायचे. पुष्कळ जणी इथे रात्रभर पसरून ठेवतात आणि सकाळी भरतात. पावसाळ्यात त्या रात्रीत पीठ सगळी ओल परत घेते आणि आदल्या दिवसाची मेहनत वाया जाते. उलट गरम असतानाच झाकण लावले तर झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात, तेही तेवढेच वाईट. गार होण्याला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो; त्या वेळात मीठ कोरडे परतून घ्यावे. पाकिटातले बारीक मीठ वापरा. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात आणि ते हवेतले पाणी ओढून घेतात, म्हणून ते या कामाला बरे नाही.

एक काळजी मात्र घ्या. सोडा किंवा बेकिंग पावडर घातलेले कोणतेही पीठ नंतर तापवू नका, कडक उन्हातही ठेवू नका. उष्णतेने सोड्यातला वायू आधीच निघून जातो आणि मागे उरतो तो जास्त तीव्र क्षार.

जर्मनीसाठी तर मी तुम्हाला सोडा पाठवूच नका, असे सांगेन. तिथल्या नेहमीच्या किराणा दुकानात खायचा सोडा ‘नाट्रोन’ या नावाने मिळतो आणि बेकिंग पावडर ‘बॅकपुल्व्हर’ या नावाने छोट्या पुड्यांमध्ये मिळते. एक पुडी साधारण अर्धा किलो पिठासाठी असते. त्यामुळे मुलीला दरवेळी ताजा सोडा मिळेल, आणि बॅगेत नाव न लिहिलेल्या पांढऱ्या पावडरीच्या पुड्याही राहणार नाहीत. पाकिटावर ‘एक लहान सपाट चमचा नाट्रोन शेवटी घालणे’ एवढे लिहिले की पुरे. सोडा जुना झाला आहे का, हे पाहायला त्यावर लिंबाचे चार थेंब टाकावेत. बेकिंग पावडर मात्र गरम पाण्यात टाकून पाहावी, कारण तिच्यात आम्ल आधीच असते. दोन्हीही जोरात फसफसली पाहिजेत.

केक आणि पॅनकेकच्या पिठाचे गणित थोडे वेगळे आहे. तिथे सोडा आणि आम्ल एकत्र असलेली बेकिंग पावडर पिठात मिसळावीच लागते, आणि ती काही महिने टिकतेही. ती का टिकते, हे समजून घेण्यासारखे आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्ट चालत नसे, म्हणून त्यांनी १८४३ साली यीस्टशिवाय पाव फुगवणारी पावडर तयार केली; तिच्यात सोडा आणि टार्टारिक ॲसिड यांच्या जोडीला स्टार्च घातलेले होते, जेणेकरून आलेली ओल स्टार्चने आधी शोषून घ्यावी. आजही डब्यातल्या बेकिंग पावडरीत कॉर्नफ्लोअर असते ते याच कामासाठी. घरी करायची असेल तर एक भाग सोडा, दोन भाग क्रीम ऑफ टार्टर (केकच्या कामाची आंबट पांढरी पूड) आणि एक भाग कॉर्नफ्लोअर चमच्याने मोजून तीन वेळा चाळा. पण ही घरची पावडर पाणी लागताच काम सुरू करते, त्यामुळे पीठ भिजवून ठेवता येत नाही. विकतच्या बहुतेक पावडरी दोन टप्प्यांत काम करतात, थोडे भिजवल्यावर आणि उरलेले उष्णता लागल्यावर. नवख्या हाताला दुसरी सोयीची पडते. सायट्रिक ॲसिडची घरगुती बेकिंग पावडर करण्याच्या भानगडीत पडू नका. ते फार लवकर ओल धरते.

पॅनकेकसाठी २५० ग्रॅम मैदा किंवा निम्मा मैदा आणि निम्मी कणीक, १५ ग्रॅम पिठीसाखर, १० ग्रॅम बेकिंग पावडर आणि २ ग्रॅम मीठ, हे माझे नेहमीचे माप आहे. मैदा वर सांगितल्याप्रमाणे कोरडा करून, पूर्ण गार झाल्यावरच बेकिंग पावडर घालायची आणि सगळे एकत्र चाळायचे. अशी पाकिटे मी तीन महिन्यांत संपवायला सांगते. कणीक असेल तर दोनच महिने, कारण गव्हाच्या अंकुरातले तेल कणकेत येते आणि मैद्यात ते नसते.

तूप चोळून ठेवण्याविषयी माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याला दोन स्वतंत्र कारणे आहेत. पहिले म्हणजे तूप डब्यात एकसंध असताना पुष्कळ टिकते, पण तेच पिठाच्या लाखो कणांवर पातळ पसरले की हवेला उघडे पडते आणि खवट होते. बाजारातल्या ज्या तयार पिठांत स्निग्धांश असतो तिथे कारखान्यात खास टिकाऊ स्निग्ध पदार्थ वापरतात, पिठाची ओल यंत्राने मोजतात आणि जाड थरांच्या पाकिटात भरतात. आपल्या स्वयंपाकघरात यातले काहीच नाही, म्हणून त्यांचे पाहून आपण तसे करू नये. दुसरे कारण तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. भारतातून युरोपीय संघाच्या देशांत जाताना प्रवाशाच्या सामानातून दूध आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. त्यामुळे तूप, दूध पावडर, ताकाची पावडर यांपैकी काहीही पिठात नको. दूध पावडर घालायची सवय असेल तर ती वगळा आणि पाकिटावर पाण्याऐवजी दूध लिहा. दूध तिला तिथे कोपऱ्यावरच मिळेल.

आता गोडा मसाला. मला सर्वांत जास्त प्रश्न याच मसाल्याविषयी येतात, आणि तो बिघडला की मलाही वाईट वाटते, कारण यात दोन दिवसांचे श्रम असतात. धणे, दगडफूल, तमालपत्र, लवंग, दालचिनी, नागकेशर, जिरे, शहाजिरे ही मंडळी कोरडी भाजून वर्षभर बरी राहतात. वास कमी होतो, पण बिघडत नाहीत. बिघडवतात ती तीळ आणि सुके खोबरे. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते, खोबऱ्यात त्याहून जास्त, आणि कुटल्यावर ते तेल बाहेर येऊन साऱ्या मसाल्याला लागते. त्यात पारंपरिक पद्धतीत प्रत्येक जिन्नस थेंब थेंब तेलावर परततो, म्हणजे आणखी तेल. घरात महिन्याला वापरून संपणाऱ्या मसाल्याला ही पद्धत सर्वोत्तम आहे आणि मी घरी तशीच करते. पण प्रवासाच्या मसाल्याला मी दोन भाग करते. कोरडे भाजलेले मसाले, हळद, हिंग आणि मिरची यांचा एक भाग कुटून, चाळून, बंद करून द्यायचा. तीळ आणि खोबरे द्यायचेच नाही. तीळ आणि खोबऱ्याचा कीस तिकडच्या दुकानांत केक-बिस्किटांच्या सामानाच्या फळीवर मिळतो. तिने दर पंधरा दिवसांनी दोन चमचे तीळ आणि तीन चमचे खोबरे कोरडे भाजून, खलबत्त्यात किंवा लाटण्याने भरडून चार चमचे मसाल्यात मिसळावे. आमटीला अगदी ताजा वास येतो, आणि हे काम चहा उकळेपर्यंत होते.

दगडफुलाविषयी दोन शब्द. ते झाडाच्या सालीवर आणि दगडावर वाढते, त्यामुळे त्यात साल, कचरा आणि बारीक खडे असतात, आणि ते स्पंजसारखी ओल धरते. निवडल्यावर बोटांत चुरून पाहावे. कुरकुरीत तुटले पाहिजे. ते लवचीक वाटत असेल तर ते भाजून होईपर्यंत बाकीचे मसाले कुटायला घेऊ नका. मिक्सरमध्ये कुटताना भांडे तापते आणि झाकणाखाली वाफ धरते, म्हणून थांबून थांबून फिरवावे आणि कुटलेला मसाला परातीत उघडा गार करूनच भरावा.

तुम्ही खसखस घालत असाल तर जर्मनीसाठी अडचण नाही. परंतु हे उत्तर आखातात मुले असलेल्या आयाही वाचतील म्हणून लिहिते : संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे आणि मसाल्यात मिसळलेली खसखसही त्यात येते. तिकडे जाणाऱ्यांच्या मसाल्यात, लाडवात किंवा अनारशांवर ती अजिबात नको.

भाजणी आणि मेतकूट ही आपल्याकडची सगळ्यात जुनी तयार पिठे, आणि ती आधी भाजूनच दळायची ही रीत ज्यांनी घातली त्यांना टिकण्याचे मर्म पक्के माहीत होते. थालीपिठाच्या भाजणीला मी दोन वाट्या ज्वारी, एक वाटी बाजरी, एक वाटी तांदूळ, एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी गहू, अर्धी वाटी धणे आणि पाव वाटी जिरे घेते. प्रत्येक धान्य वेगळे भाजायचे, कारण तांदूळ फुलून पांढरा होतो त्या वेळेपर्यंत जिरे जळून जाते. यात बाजरीकडे विशेष लक्ष द्या. कच्च्या बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडू होते, हे बाजरीची भाकरी करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. बाजरीत तेल जास्त असते आणि दळल्यावर त्यातलेच एक पाचक द्रव्य त्या तेलाला फोडू लागते. चांगले भाजले की ते द्रव्य निकामी होते. म्हणून बाजरी नुसती गरम करून भागत नाही, तडतडून खमंग वास सुटेपर्यंत भाजावी लागते. तुम्हाला सहा महिने टिकायलाच हवी असेल तर बाजरी वगळून तेवढी ज्वारी वाढवा.

मेतकूट भातावर तसेच कोरडे घेतात, म्हणजे ते पुन्हा शिजत नाही. हा फरक मोठा आहे. ढोकळ्याच्या बेसनाला नुसते कोरडे केले तरी चालते, कारण ते पुढे वाफेवर शिजते. मेतकुटाची डाळ मात्र आतपर्यंत भाजलेली हवी. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी उडदाची डाळ, पाव वाटी गहू, मग बेताने धणे, जिरे, मोहरी, थोडी मेथी, सुंठ, हळद, हिंग आणि जायफळ. भाजलेल्या डाळीचा एक दाणा गार करून दाताखाली धरा. तो कचकन फुटला पाहिजे आणि आत कच्चा पिवळा ठिपका दिसता कामा नये.

दळायला गिरणीत देणार असाल तर एवढे पाहा. गिरणीवाल्याला आधी कशाचे दळण झाले ते विचारा आणि भाजणीच्या आधी मूठभर तांदूळ दळून घ्यायला सांगा, म्हणजे जात्यात राहिलेले आदल्या गिऱ्हाइकाचे कच्चे पीठ तुमच्या भाजलेल्या पिठात येणार नाही. तेवढ्या कच्च्या पिठानेही पोरकिडे लवकर होतात. दळलेले पीठ गिरणीतून चटका बसेल इतके गरम येते. येताना डब्याचे झाकण अर्धे उघडे ठेवून आणा आणि घरी आल्याबरोबर परातीत पसरा.

वरून भुरभुरायच्या मसाल्यांत, म्हणजे आमचूर, पादेलोण, भाजलेले जिरे आणि तिखट यांच्या मिश्रणात, गाठी होण्याखेरीज फारसे काही बिघडत नाही. आमचूर आणि पादेलोण दोन्ही ओल धरतात. १०० ग्रॅम मसाल्यात एक लहान चमचा कोरडे भाजलेले तांदळाचे पीठ घातले की तो मोकळा राहतो. लसूण किंवा कांद्याची पावडर घालणार असाल तर लहान बाटल्यांत भरा, कारण ती एकदा ओली झाली की दगड होते.

पॅकिंगविषयी माझा आग्रह एवढाच आहे की एका वेळेला लागेल तेवढेच एका पाकिटात भरा. मोठी पिशवी दहा वेळा उघडली की दहा वेळा दमट हवा आत जाते. साध्या पातळ पिशवीपेक्षा आतून चंदेरी असलेली जाड पाकिटे घ्या. ती किराणा घाऊक बाजारात मिळतात आणि घरच्या इस्त्रीने, वर कागद ठेवून, बंद होतात. भरताना हवा दाबून काढा. अशी पाच-सहा पाकिटे एका मोठ्या डब्यात ठेवा आणि त्या डब्यात, पाकिटांच्या बाहेर, सिलिका जेलची पुडी टाका. पिठाच्या आत ती नको, फुटली तर खाण्यात जाईल. प्रत्येक पाकिटावर पदार्थाचे नाव, त्यातले जिन्नस, भरल्याची तारीख आणि पाणी किती घालायचे, हे इंग्रजीतही लिहा. विमानतळावर कोणी विचारले तर तिला समजावून सांगत बसावे लागणार नाही.

तुमच्याकडे अजून वेळ आहे, तर एक करा. सगळे एकदम भरू नका. सप्टेंबरच्या सुरुवातीला प्रत्येक प्रकारचे एकच पाकीट करा, सोडा वेगळा ठेवून, आणि ते स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूच्या फळीवर ठेवा, म्हणजे घरातल्या सगळ्यात वाईट जागी. तीन आठवड्यांनी ते मुलीला उघडायला सांगा, आणि पाकिटावर लिहिलेले वाचून तिलाच, तुम्ही काही न सांगता, करू द्या. ढोकळ्याला ती २२० मिलिलिटर पाणी घालेल, शेवटी सोडा घालून एकाच दिशेने फेटेल, पीठ हलके होऊन वर येईल आणि पंधरा-अठरा मिनिटे वाफवेल. पाणी कमी पडले, गाठी राहिल्या, सोडा केव्हा घालायचा ते कळले नाही, असे जे जे तिला अडेल ते पाकिटावरच्या मजकुरात दुरुस्त करा आणि मगच बाकीची पाकिटे भरायला घ्या.